चुलीत गेलेली पुडी : चेक कुटुंबांच्या इतिहासाची तीन पुस्तकं

ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा बोहेमिया किंवा मोरावियातून अमेरिकेत आले, अशी माणसं आज नेब्रास्का, टेक्सस, आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, शिकागो अशी दूरदूर पसरलेली आहेत. त्यांच्यापैकी कुणी आपल्या घराण्याचा शोध घ्यायचं ठरवलं, तर आजच्याइतके चांगले दिवस पूर्वी कधीच नव्हते. चेक प्रजासत्ताकातल्या प्रादेशिक अभिलेखागारांनी जुन्या चर्चच्या नोंदवह्या पानापानाने स्कॅन करून इंटरनेटवर ठेवल्या आहेत. ज्या वहीसाठी पूर्वी समुद्र ओलांडून जावं लागलं असतं, ती आता रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर उघडता येते.

तरीही या शोधातून लिहिली जाणारी बहुतेक पुस्तकं वाचवत नाहीत. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांचं होतं तेच त्यांचं होतं. मूळ पुरुष, त्याचं गाव, जहाजाचं नाव, पहिली जमीन, मुलंबाळं, फोटो, आणि शेवटी कष्टाळू पूर्वजांना नमस्कार. सगळं खरं असतं, तपासलेलं असतं, आणि पुस्तक मिटल्यावर त्यातलं एकही माणूस लक्षात राहत नाही. असं का होतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. उत्तरासाठी मी तीन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली: विला कॅथरची ‘माय अँटोनिया’ (१९१८) ही कादंबरी, हेलन एपस्टाइनचं ‘व्हेअर शी केम फ्रॉम’ (१९९७) आणि मॅडलिन ऑल्ब्राइटचं ‘प्राग विंटर’ (२०१२). पहिलीत एक शेजारी सांगतो आहे, दुसऱ्यात एक मुलगी शोधते आहे, आणि तिसऱ्यात जी लिहिते आहे तिला आपलं घराणं कोणतं हेच एकोणसाठ वर्षं माहीत नव्हतं.

माझं रोजचं काम डेटाबेसचं. त्यामुळे या वाचनात माझं लक्ष आधी गेलं ते नोंदींकडे. नोंद कशी तयार होते हे समजल्याशिवाय नोंदीवर उभ्या राहिलेल्या पुस्तकाचं मूल्यमापन करता येत नाही, असं मला वाटतं. म्हणून सुरुवात तिथूनच.

घर हीच ओळख

या नोंदवह्यांना चेकमध्ये ‘मात्रिका’ म्हणतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा तीन प्रकारच्या नोंदी त्यांत असतात. त्या धर्मगुरूने चर्चसाठी ठेवायच्या, असा मूळ प्रकार. पण १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने त्यांना सरकारी दस्तऐवजाचा दर्जा दिला आणि रकाने ठरवून दिले. जन्माच्या पानावर तारीख, घर क्रमांक, बाळाचं नाव, धर्म, मुलगा की मुलगी, औरस की अनौरस, आईबाप, धर्ममातापिता असं सगळं ओळीने येतं. पुढे आईबापांचेही आईबाप लिहिले जाऊ लागले, सुईणीचं नाव येऊ लागलं. खेड्यातली जी सुईण दुसऱ्या कुठल्याही कागदावर कधी आली नसेल, ती इथे शेकडो वेळा भेटते.

घर क्रमांकाची गोष्ट मला विशेष वाटते. मारिया थेरेसाच्या काळात, १७७० च्या आसपास, सैन्यभरतीच्या सोयीसाठी घरांना क्रमांक दिले गेले. आज शोधणाऱ्याला आडनावापेक्षा हा क्रमांकच जास्त उपयोगी पडतो. कारण अठराव्या शतकापर्यंत बोहेमियात पुष्कळ ठिकाणी आडनाव माणसाला चिकटलेलं नव्हतं, घराला चिकटलेलं होतं. एखाद्या शेताच्या वारसदारणीशी किंवा विधवेशी लग्न करून पुरुष तिच्या घरी राहायला गेला, की लोक त्याला त्या घराच्या नावाने ओळखू लागत. मग त्याची मोठी मुलं एका आडनावाची आणि धाकटी दुसऱ्या आडनावाची. आपल्याकडे ‘कर’ लावलेलं आडनाव माणूस गाव सोडून शंभर मैलांवर गेला तरी जुन्याच गावाचं राहतं. इथे उलट. आडनावाला प्रायमरी की समजून शोधणारा माणूस या ठिकाणी हमखास अडतो.

बाईच्या आडनावाला ‘ओवा’ लागतं. नोवाकची मुलगी किंवा बायको नोवाकोवा. अमेरिकेत आल्यावर हा प्रत्यय बहुतेक ठिकाणी गळून पडला. अक्षरांवरच्या खुणाही गळाल्या. मग ज्या अक्षराचा उच्चार ‘श’ होता ते कुणी ‘स’ वाचू लागलं, आणि कारकुनाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग झालं. वह्यांची भाषाही एक नाही: आधी लॅटिन, मग जर्मन, मग चेक, आणि पुष्कळदा जुन्या जर्मन वळणाच्या हस्ताक्षरात. आपल्याकडे मोडी न येणाऱ्याची जुन्या दप्तरापुढे जी अवस्था होते, तीच इथे होते. वही समोर आहे, आणि वाचता येत नाही.

समुद्राच्या अलीकडच्या नोंदी या अशा. पलीकडची बाजू आणखी तुटक आहे. १८४८ मध्ये वेठबिगार संपली, माणसाला जमिनीपासून सुटता येऊ लागलं. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत जवळजवळ फुकट जमीन मिळू लागली, आणि चेक शेतकरी ब्रेमेन-हॅम्बुर्गची वाट धरू लागले. हॅम्बुर्गच्या प्रवाशांच्या याद्या मोठ्या प्रमाणात टिकल्या. ब्रेमेनच्या मात्र बहुतांश गेल्या. त्यांतल्या कितीतरी तिथल्या कचेरीनेच ठेवायला जागा नाही म्हणून नष्ट केल्या. अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारीचे कागद १९२१ च्या आगीत सापडले आणि जवळजवळ सगळे हातचे गेले. जे कागद उरले त्यांत एकाच माणसाचा जन्मदेश एका ठिकाणी ‘बोहेमिया’, दुसऱ्या ठिकाणी ‘ऑस्ट्रिया’ आणि १९१८ नंतर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा लिहिलेला सापडतो. माणूस नेब्रास्कातल्या त्याच शेतावर बसलेला. देश मात्र तीन.

आणखी एक पोकळी आहे, तिचं कारण वेगळं. अमेरिकेत आलेल्या चेक लोकांपैकी फार मोठ्या संख्येने लोकांनी चर्च सोडलं. हॅब्सबर्ग राजवट आणि कॅथलिक चर्च ही त्यांच्या लेखी एकाच जोखडाची दोन टोकं होती. ते स्वतःला मुक्तविचारी म्हणवत. शिकागोमधलं बोहेमियन नॅशनल सेमेटरी हे दफनस्थान १८७७ मध्ये निघालं ते एका मृत बाईमुळे: तिने पापांची कबुली दिली नव्हती असं सांगून कॅथलिक धर्मगुरूने तिचं दफन नाकारलं, आणि चिडलेल्या लोकांनी स्वतःची जमीन घेतली. अशा घरांत जन्मलेल्या मुलांचा बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून चर्चच्या वहीत ती नाहीत. ती सापडतात सेंट लुइसला १८५४ मध्ये निघालेल्या चेस्को-स्लोव्हान्स्की संघासारख्या परस्परसाहाय्य मंडळांच्या कागदांत, विम्याच्या नोंदींत, चेक वर्तमानपत्रांतल्या मृत्युवार्तांत. म्हणजे वहीत नाव नसणं हाही एक निर्णय होता. कुणीतरी तो विचार करून, किंमत मोजून घेतला होता.

माझ्या व्यवसायात रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, ‘नाही’ही नव्हे. ‘इथे काय आहे ते ठाऊक नाही’ एवढाच त्याचा अर्थ. नवशिका प्रोग्रामर तिथे काहीतरी भरून टाकतो, कारण रिकामी जागा डोळ्यांना खुपते. वंशावळीच्या वेबसाइटवरही हेच चालतं. एकाने अंदाजाने बाप जोडला, दुसऱ्याने तो उचलला, आणि वीस झाडांवर एकच चुकीचा बाप दिसू लागला की तो पुरावा वाटायला लागतो. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या लेखकाची परीक्षा मला इथे दिसते. तो रिकामी जागा भरून टाकतो, की ती कशी रिकामी झाली ते सांगतो?

शेजाऱ्याने सांगितलेली गोष्ट

‘माय अँटोनिया’तल्या शिमर्डा कुटुंबामागे एक खरं कुटुंब आहे: सादीलेक. हे लोक १८८० मध्ये बोहेमियातून नेब्रास्काच्या वेब्स्टर काउंटीत आले. पुढच्याच वर्षीच्या हिवाळ्यात बापाने, फ्रान्सिस सादीलेकने, स्वतःला गोळी घालून घेतली. त्याची मुलगी ॲना पुढे रेड क्लाउड गावात एका घरी कामाला राहिली. विला कॅथर व्हर्जिनियातून या भागात आली ती १८८३ मध्ये, नऊ वर्षांची असताना. म्हणजे आत्महत्या तिने पाहिलेली नाही. ती आली तेव्हा ती गोष्ट लोकांच्या तोंडी होती, आणि आपण कधी काही लिहिलं तर ही गोष्ट त्यात येणारच, असं तिला तेव्हापासून वाटत होतं.

कादंबरीत मात्र सांगणारा जिम बर्डन शिमर्डांबरोबर एकाच गाडीने नेब्रास्कात उतरतो. कॅथरने घडून गेलेल्या घटनेपाशी एक साक्षीदार उभा केला. यात लबाडी आहे असं कुणी म्हणेल. मला वाटतं, तो साक्षीदार किती अपुरा आहे हे ती पानोपानी दाखवत राहते, म्हणून ती लबाडी उरत नाही. जिमला चेक येत नाही. शिमर्डांना इंग्रजी येत नाही. दोघांमध्ये दुभाषा एकच, क्रायेक, आणि त्यानेच या कुटुंबाला फसवून भलत्या किमतीला जमीन विकलेली. शिमर्डांबद्दलची पहिली माहिती त्यांना लुबाडणाऱ्याकडून येते, हे वाचकाने विसरू नये असं कॅथरला वाटत असावं.

नावापासूनच पाहा. कादंबरीच्या सुरुवातीला कॅथर तळटीप देऊन अँटोनियाचा उच्चार समजावते आणि पहिल्या अक्षरावर खूण करते, आघात तिथे द्यावा म्हणून. चेकमध्ये ती खूण स्वर दीर्घ करते, आघात दाखवत नाही. आघात तिथे नेहमी पहिल्याच अक्षरावर असतो, त्याला खूण लागत नाही. आणि चेक नोंदवहीत या मुलीचं नाव ‘आन्तोनिये’ असं असतं. थोडक्यात, पुस्तकाच्या शीर्षकातलं नाव तिच्या आजोळच्या गावात कुणी असं लिहिलं नसतं. ते शेजाऱ्याच्या कानाला ऐकू आलेलं नाव आहे, शेजाऱ्याच्या सोयीने खूण केलेलं.

आणि ‘माय’? प्रस्तावनेत जिम हस्तलिखितावर आधी नुसतं ‘अँटोनिया’ लिहितो, कपाळाला आठी घालतो आणि मग मागे ‘माझी’ जोडतो. बहुतेक वाचक हा त्याचा हक्क म्हणून लक्षात ठेवतात. पण कादंबरीत ‘माझी अँटोनिया’ हे शब्द जिमच्या कानावर पहिल्यांदा पडतात ते शिमर्डाच्या तोंडून. इंग्रजी आणि चेक अशी दोन्ही मुळाक्षरं असलेलं पुस्तक तो जिमच्या आजीच्या हातात ठेवतो आणि आपल्या मुलीला शिकवा म्हणून विनवतो. काही महिन्यांत तो बाप मरतो आणि त्याचा शब्द जिमकडे जातो. कॅथर यावर काहीही भाष्य करत नाही. बापाचं ‘माझी’ शेजाऱ्याने उचललं, आणि त्यातूनच बापाची गोष्ट टिकली. वारसा कधीकधी अशा आडवाटेने पोचतो. कुठल्याही वंशवृक्षात त्याची रेघ काढता येत नाही.

आत्महत्येचा भाग मी पुन्हापुन्हा वाचला. कारण कुणालाच माहीत नाही. थंडी, कर्ज, घराची ओढ, सारंगी वाजवायची सोडून दिलेली, हे सगळं वाचकाला दिसतं, पण कॅथर यातलं एकही ‘कारण’ म्हणून पुढे करत नाही. मध्येच क्रायेकच्या कुऱ्हाडीबद्दल संशयही येतो, आणि तो पूर्ण मिटवला जात नाही. मग दफनाचा प्रश्न. आत्महत्या केलेल्याला कॅथलिक दफनभूमीत जागा नाही, नॉर्वेजियन लोकही देत नाहीत. शेवटी त्याला स्वतःच्याच जमिनीच्या कोपऱ्यात पुरतात, जिथे पुढे दोन रस्ते एकमेकांना छेदणार असतात. वर्षांनंतर रस्ते होतात खरे, पण तिथे आल्यावर ते किंचित वळसा घेतात, आणि थडग्याभोवती न नांगरलेल्या गवताचा तुकडा तसाच राहतो. या माणसाची दफनाची नोंद कुठल्याच चर्चच्या वहीत असणार नाही. रस्त्याचं वळण हीच त्याची नोंद.

पण कादंबरीतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची वस्तू याहून लहान आहे. जिमची आजी हिवाळ्यात शिमर्डांकडे खाणं घेऊन जाते. परतफेड म्हणून शिमर्डाची बायको तिला एका पिशवीतून काढून थोडं काहीतरी बांधून देते: तपकिरी, वाळलेलं, वासाचं. घरी आल्यावर आजीला ते काय आहे कळत नाही, खाण्याचं आहे की नाही याचीही खात्री वाटत नाही, आणि ती पुडी चुलीत टाकते. जिम मात्र एक तुकडा तोंडात टाकून पाहतो. पुष्कळ वर्षांनी त्याला समजतं की त्या बोहेमियाच्या जंगलातून वेचून, वाळवून, समुद्रापार जपून आणलेल्या अळंब्या होत्या.

आजी वाईट नाही. ती त्या कुटुंबासाठी बरंच काही करते. तरीही पुडी जळते. आपल्या घराण्याची एखादी गोष्ट का सापडत नाही, असं विचारणाऱ्याने हा प्रसंग वाचावा. आग, युद्ध, पूर यांत जितकं गेलं, तितकंच कदाचित अशा चांगल्या माणसांच्या हातून गेलं, ज्यांना समोरची वस्तू काय आहे ते ओळखता आलं नाही. त्यांतले कितीतरी हात घरच्याच मुलांचे आणि नातवंडांचे असतील.

कादंबरीत घराण्याचा इतिहास खरोखर सांगितला जातो तो एकदाच, आणि तो अँटोनिया सांगते, नदीकाठी बसून, जिमला. तिची आई तिच्या बापाच्या घरी कामाला होती. बापाने तिच्याशी लग्न केलं, करायलाच हवं होतं असं नव्हतं, तरी केलं. त्यानंतर त्याच्या आईने सुनेला कधी घरात घेतलं नाही. अँटोनिया आजीच्या घरात गेली ती एकदाच, आजीच्या अंत्यविधीला. आता हीच हकीकत मात्रिकेत कशी दिसेल? एक लग्न, दोन नावं, एक बाप्तिस्मा, एक दफन. सगळं नियमानुसार. उंबरठ्याबाहेर उभी ठेवलेली सून त्यात कुठेच दिसणार नाही.

पुढे अँटोनियाला लग्नाशिवाय मुलगी होते. जुन्या वहीत ‘अनौरस’ या रकान्यात खूण झाली असती, आणि वंशावळ लिहिणाऱ्या बहुतेक नातवंडांनी हे पान हळूच उलटलं असतं. अँटोनिया गावच्या फोटोवाल्याकडे त्या बाळाचा मोठा फोटो काढून घेते, आणि तो सोनेरी चौकटीत लावलेला जिमला दुकानात दिसतो. त्याला थोडा राग येतो, थोडा आदर वाटतो. माझ्या मते या कादंबरीतली सर्वांत प्रामाणिक इतिहासकार अँटोनिया आहे.

मुलीने केलेला शोध

हेलन एपस्टाइनचा जन्म १९४७ चा, प्रागमधला. १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर आईबाप तिला घेऊन न्यूयॉर्कला आले. आई फ्रांसी शिंपणकाम करायची, घरातच तिचं कपड्यांचं सलोन होतं. तेरेझीन, आउश्वित्झ आणि बर्गेन-बेल्सन या छळछावण्यांतून ती जिवंत सुटली होती. १९८९ मध्ये ती अचानक गेली, आणि तिच्यामागे मुलीने आईचा, आजीचा, पणजीचा शोध सुरू केला. ‘व्हेअर शी केम फ्रॉम’ हे त्या शोधाचं पुस्तक आहे.

इथेही सुरुवातीपाशी एक आत्महत्या आहे. पणजी तेरेझे हिने व्हिएन्नात खिडकीतून उडी टाकून जीव दिला. मागे राहिलेली लहान मुलगी पेपी प्रागला आली, शिवणकाम शिकली, स्वतःचं सलोन उभं केलं. तिची मुलगी फ्रांसी त्याच सलोनमध्ये वाढली आणि तरुणपणीच ते चालवू लागली. पेपी आणि तिचा नवरा नाझींच्या हातून मारले गेले.

कॅथरकडे कल्पनेची मुभा होती. एपस्टाइनला नव्हती. तिने काय केलं, तर बायकांच्या तीन पिढ्या जोडणारा धागा नात्यात न शोधता कामात शोधला. खेड्यातल्या आणि छोट्या गावांतल्या ज्यू कुटुंबांचे व्यवसाय, शिवणकाम करणाऱ्या मुलींची उमेदवारी, प्रागमधल्या सलोनची गिऱ्हाइकं, कापड, फॅशन यांबद्दल ती वाचत गेली, विचारत गेली. पेपीबद्दल कागद थोडे आहेत, पण त्या काळी प्रागमध्ये शिवणाऱ्या बाईचा दिवस कसा जायचा याबद्दल पुष्कळ आहे. माणूस सापडत नसेल तर त्याच्या हातातलं काम शोधावं, ही पद्धत मला या पुस्तकाची सर्वांत मोठी देणगी वाटते. घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल. शेती, सुतारकाम, खाण, दूधडेअरी, काहीही असो.

दुसरं म्हणजे, ती स्रोत एकत्र कालवत नाही. हे आईने सांगितलं, हे अभिलेखागारात मिळालं, हे त्या काळाबद्दलच्या पुस्तकांतून कळलं, असं वाचकाला समजत राहतं. चांगल्या कोडमध्ये प्रत्येक मूल्य कुठून आलं ते मागे जाऊन पाहता येतं. या पुस्तकातही पाहता येतं. तेरेझेने उडी का मारली, याबद्दल ती अंदाज करते, पण तो अंदाज आहे हे लपवत नाही.

दोष नाही असं नाही. काही प्रकरणांत ज्यूंचा आणि चेक राष्ट्रवादाचा सर्वसाधारण इतिहास इतका लांबतो की पणजी पानांमागे पान दिसेनाशी होते. काळाबद्दल जे माहीत आहे त्याने व्यक्तीबद्दल जे माहीत नाही ते झाकलं जातं. पद्धत तीच, पण इथे तिचा तोल सुटतो.

या कुटुंबाच्या कहाणीत एक प्रसंग असा आहे, की नोंदीवरचा माझा विश्वासच त्याने हलवला. आउश्वित्झमध्ये निवड चालू असताना फ्रांसीने डॉक्टर मेंगेलेपुढे आपण इलेक्ट्रिशियन आहोत असं सांगितलं. ती शिंपीण होती. त्या खोट्यामुळे ती कामाच्या छावणीत गेली आणि वाचली. खरं सांगून वही बरोबर ठेवणारी माणसं तिथे मेली. तिच्या स्वतःच्या आठवणी ‘फ्रांसीज वॉर’ या नावाने २०२० मध्ये छापून आल्या, मुलीच्या पुस्तकानंतर तेवीस वर्षांनी. दोन्ही पुस्तकं एकत्र वाचावीत. एकाच घरातल्या दोन बायका एकाच काळाबद्दल बोलताना सूर किती वेगळा लागतो ते कळतं.

आणि इथे मात्रिकांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. १९३९ नंतर बोहेमिया-मोरावियात न्यूरेंबर्ग कायदे लागू झाले आणि आजी-आजोबांचा धर्म हा जगण्यामरण्याचा प्रश्न झाला. ज्यांना कधी पूर्वजांशी देणंघेणं नव्हतं, त्या लोकांना चर्चच्या दारात रांग लावून बाप्तिस्म्याचे उतारे काढावे लागले. आज हौसेने उघडल्या जाणाऱ्या त्याच वह्या. वंशावळीच्या वेबसाइटच्या जाहिरातींत हा इतिहास नसतो. पण चेक वंशावळीबद्दल लिहिणाऱ्याने तो बाजूला ठेवणं मला अप्रामाणिक वाटतं.

मंत्र्याचं पुस्तक

मॅडलिन ऑल्ब्राइट म्हणजे प्रागमध्ये १९३७ साली जन्मलेली मारी याना कोर्बेलोवा. वडील चेकोस्लोव्हाक मुत्सद्दी. कुटुंब युद्धकाळात इंग्लंडमध्ये राहिलं आणि १९४८ मध्ये अमेरिकेत आलं. ती कॅथलिक म्हणून वाढली. १९९७ च्या सुरुवातीला ती अमेरिकेची परराष्ट्रमंत्री झाली, आणि त्याच सुमारास ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या एका पत्रकाराच्या शोधातून जगापुढे आलं की तिचं कुटुंब मूळचं ज्यू होतं. आईबापांनी १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये धर्म बदलला होता. तिच्या चारपैकी तीन आजी-आजोबांचा आणि इतर अनेक नातेवाइकांचा अंत नाझींच्या राज्यात झाला होता.

मंत्री झाल्यावर ती प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये गेली. तिथल्या भिंतींवर बोहेमिया-मोरावियातल्या ७७ हजारांहून अधिक ज्यू बळींची नावं हाताने रंगवलेली आहेत: आडनाव, नाव, जन्मतारीख, आणि मृत्यूची किंवा शेवटची माहीत असलेली तारीख. तिच्या आजी-आजोबांची नावं त्यात आहेत. ही नावं पहिल्यांदा पन्नासच्या दशकात लिहिली गेली. १९६८ नंतर इमारत बंद झाली, ओल आली, अक्षरं गेली. कम्युनिस्ट राजवट संपल्यावर ती सगळी पुन्हा लिहिली गेली. एकाच माणसाचं नाव भिंतीवर दोनदा लिहावं लागलं.

इतकी मोठी सामग्री हाती असताना ‘प्राग विंटर’ कुटुंबाचा इतिहास म्हणून कमी पडतं, असं माझं मत आहे. म्युनिक करार, बेनेश, लंडनमधलं निर्वासित सरकार, १९४८ ची उलथापालथ यांबद्दल ते उत्तम आहे. ज्याला चेकोस्लोव्हाकियाचं हे दशक समजून घ्यायचं असेल त्याला मी ते नक्की सुचवेन. पण लेखिका परराष्ट्र खात्याच्या खिडकीतून पाहते. आजीआजोबा येतात, पण पुढच्या प्रकरणात राष्ट्राध्यक्ष आले की मागे सरतात.

खरा प्रश्न आईबापांच्या मौनाचा आहे. वडील १९७७ मध्ये गेले, आई १९८९ मध्ये. सांगायला वेळ होता. त्यांनी का सांगितलं नाही? ऑल्ब्राइट हा प्रश्न विचारते, त्यांच्या बाजूने समजुतीने उत्तर देते आणि पुढे जाते. मुलीने आईबापांना माफ करणं माणूस म्हणून योग्यच आहे. पण लेखक म्हणून तिथे थांबायला हवं होतं. इथला ‘नल’ कुणा कारकुनाचा नव्हता, आगीचा नव्हता. प्रेमापोटी, भीतीपोटी घरातच तयार केलेला होता. रोज जेवणाच्या टेबलावर तो कसा सांभाळला गेला असेल? कुठले शब्द टाळले गेले, कुठले फोटो दाखवले गेले नाहीत? कॅथरने एका पुडीवर जेवढं दाखवलं, तेवढं तरी इथे मिळायला हवं होतं.

मग निकष काय

या तीन पुस्तकांत सर्वांत कमी ‘माहिती’ कादंबरीत आहे, आणि तीच सर्वांत जास्त लक्षात राहते. मात्र यावरून कल्पना श्रेष्ठ आणि नोंद कनिष्ठ असा निष्कर्ष मी काढणार नाही. एपस्टाइनचं पुस्तक नोंदींवरच उभं आहे आणि चांगलं आहे. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. कॅथर आणि एपस्टाइन दोघी रिकाम्या जागेपाशी थांबतात. शिमर्डाने गोळी का घातली, तेरेझेने उडी का मारली, हे त्यांना माहीत नाही, आणि हे न कळणं त्या घरातल्या पुढच्या माणसांच्या आयुष्यात कसं उतरलं, ते त्या दाखवतात. अँटोनिया नांगराला जुंपून घेते, पेपी सुई हातात घेते. कारण न सापडताही परिणाम सापडतो.

नेहमीच्या वंशेतिहासांत हे घडत नाही, कारण त्यांना वंशाची अखंड रेघ हवी असते. आत्महत्या, अनौरस मूल, धर्मांतर, फसवणूक, बायकोला घरात न घेणं, यांनी रेघ तुटते, म्हणून ती पानं वगळली जातात. पण आपल्यापर्यंत जे माणसाचं म्हणून पोचलं आहे, ते बहुतेक त्याच पानांवर आहे. आपल्या वंशावळींत मुलींची नावं गाळायची पद्धत आहे, तेव्हा हे समजायला आपल्याला बोहेमियापर्यंत जायची गरज पडू नये.

नेब्रास्कात ॲना सादीलेक, म्हणजे लग्नानंतरची ॲना पावेल्का, हिचं शेतघर जपून ठेवलेलं आहे. कादंबरी वाचलेले लोक तिथे जातात. ती १९५५ पर्यंत जगली, म्हणजे पुस्तक छापल्यावर सदतीस वर्षं. बापाचे अवशेष मागाहून हलवून दफनभूमीत नेले गेले. दगडावर आता नाव आहे, वर्ष आहे. ज्याला वंशावळ भरायची आहे त्याचे दोन्ही रकाने तिथे भरतात. तो माणूस त्या हिवाळ्यात गोठ्याकडे का गेला, हे मात्र दगडावर नाही, आणि कादंबरीतही नाही. कॅथरने ते उत्तर बनवून दिलं नाही, याबद्दल तिच्या वाचकांनी तिचे आभार मानायला हवेत.